काळ्या पाण्याचा गॅस

आबा, मी कारखान्यात नोकरीला आहे. तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागले, म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली, आणि आता सांगायला बसले तर कुठल्या सुरात सांगावी तेच कळत नाही. मी साखरेच्या बाजूला नाही. खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला, जिथे पूर्वी मळीपासून दारू गाळणाऱ्या डिस्टिलरीच्या काळ्या पाण्याचे खड्डे होते, तिथे आता गॅसचा प्लांट झालाय. ते काळं पाणी, उसाच्या रसाचा गाळ, गावातलं शेण, बाजारातला सडका भाजीपाला, असं सगळं मोठ्या बंद टाक्यांत कुजवायचं. त्यातून येणारा गॅस धुऊन, दाबून सिलिंडरांत भरतात आणि पंपावर पाठवतात. त्यावर गाड्या पळतात. टाकीतलं मिश्रण फार आंबट झालं, टाकी आंबली, की गॅस कमी होतो. ती आंबू नये हे बघायचं माझं काम.

विहिरीचं पाणी पहिल्यांदा रंगलं तो दिवस मला नीट आठवतो. आई चुलीपुढे बसलेली. तिनं हंड्यातून तांब्या भरला आणि तशीच थांबली. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग होता. तुम्ही वास घेतलात, एक बाटली धुतलीत आणि विहिरीवर गेलात. शाळा बुडवून मला सोबत का नेलंत, हे मी कधी विचारलं नाही. कारखान्याच्या ऑफिसात पंखा फिरतोय, टेबलावर काच आहे, आणि तुम्ही बाटली त्या काचेवर ठेवता. साहेबांना म्हणता, "येक घोट पिऊन दावा, मी मुकाट घरी जातो." साहेब हसतात, शिपायाला चहा सांगतात. मी कप उचलते तोच तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेता. "हितलं काय बी प्यायचं न्हाई." सगळ्यांदेखत. मला रडू आलं होतं. परत येताना स्टँडवर तुम्ही मला लेमन सोडा घेऊन दिलात, स्वतः मात्र घेतला नाहीत. पाणी तपासायला नेलं, पुढे काहीच झालं नाही. तुम्ही जाईपर्यंत दर हंगामात गेटवर जाऊन उभे राहत होतात, आणि आपल्या घरी टँकरचं पाणी येत होतं.

नगरला केमिस्ट्री शिकून मी परत आले आणि प्लांटवर जागा निघाली, तेव्हा अर्ज करावा की नको यात बरेच दिवस गेले. कोपरगावची आत्या म्हणाली की मी बापाचं नाव घालवायला निघालेय. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "जा तू. पाणी त्यांनीच नासवलं, पगार बी त्यांनीच द्यावा." ती रागानं बोलली की थकून, ते मला अजून उमगलेलं नाही.

आणि ओढा खरंच सुधारला, आबा. काळं पाणी आता टाकीत जातं. विहीर निवळली. पिण्याजोगी नाही झाली, पण धुणीभांडी होतात, पिकाला देता येतं. टाकीतून उरलेली स्लरी धाकटा भाऊ आपल्याच रानात खत म्हणून टाकतो, आणि ऊस चांगला येतो. याचा आनंद मानावा की नाही, हे कुणाला विचारायचं?

यंदा ऐन हंगामात टाकीचा एक पाइप निसटला आणि सकाळभर स्लरी ओढ्यात गेली. व्हॉल्व्ह मीच बंद केला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानातले काका आले, तुमच्यासोबत गेटवर उभे राहायचे तेच. हातात ओढ्याच्या पाण्याची बाटली. मी साहेबांच्या शेजारी, टेबलाच्या आतल्या बाजूला. साहेब त्यांना समजावत होते की फार काही गेलेलं नाही, काळजीचं कारण नाही. काकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "पोरी, तू शिकल्याली हायेस. जनावरांना पाजू का नको, येवढंच सांग."

"नका पाजू, काका. तपासणी होईपर्यंत कुणीच वापरू नका."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेली नोकरी. तेवढ्यात चहा आला, आणि काकांनी कप उचलला, शांतपणे प्यायले. गेटपर्यंत त्यांना सोडायला गेले तेव्हा मी म्हटलं, आबांनी इथला चहा कधीच घेतला नाही. काका चालता चालताच म्हणाले,

"त्याचा राग त्याच्यापाशी. मला बी हाय. पन माजा नातू ह्याच गॅसवर टेम्पो चालवतो. आता मी कुनावर रागवू?"

संध्याकाळी गावात टँकर गेले, पाइप बदलला गेला. नोकरी होती तशीच आहे. त्या दिवशी काकांच्या जागी तुम्ही असतात तर मला काय म्हणाला असतात, हे मी पुन्हा पुन्हा मनात मांडून बघते. कधी वाटतं, पाठीवर हात ठेवाल. कधी वाटतं, माझ्या हातून आणखी काहीतरी काढून घ्याल. दोन्ही वेळा तुमचा चेहरा एकच दिसतो, म्हणून त्यावरून काही ठरवता येत नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी टपालात टाकलं असतं की नाही, सांगता येत नाही. एक मात्र लिहून ठेवते. सकाळी पाळीवर गेल्यावर टाकीवरचा, गॅस साठतो तो रबरी फुगा टम्म भरलेला दिसला की मला बरं वाटतं. हे काम मला आवडतं, आबा. आईलाही मी हे अजून सांगितलेलं नाही.