सी म्हणजे कन्झम्प्शन

५ ऑक्टोबर, रविवार
गाडी आली. हायब्रीड! पेट्रोल आणि बॅटरी, दोन्हीवर चालते. ब्रेक मारला की बॅटरी आपोआप चार्ज होते. म्हणजे थांबण्यातही कमाई.

बायकोच्या धाकट्या भावाने, म्हणजे मेहुण्याने, नाक मुरडलंच. तो बस डेपोत फिटर आहे. म्हणे, भाऊजी, गाडी चांगली आहे, पण चालवायची पद्धत बदलावी लागेल, मॅन्युअल वाचा. मॅन्युअल चारशे पानांचं आहे. ज्यांना गाडी कळत नाही त्यांच्यासाठी असतं ते. मी पंख्यांच्या कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअर्स सांभाळतोय. आकडा मला फसवू शकत नाही.

संकल्प: १. पेट्रोलचा एक थेंब वाया घालवायचा नाही. २. ॲव्हरेज रोज लिहायचं. ३. वजन कमी. (आधी गाडीचं.)

६ ऑक्टोबर, दुपारी २
स्क्रीनच्या कोपऱ्यात ॲव्हरेज सापडलं. ३३. आकड्यापुढे एक छोटं शून्य आणि इंग्रजी C. C म्हणजे कन्झम्प्शन, हे शेंबडं पोरही सांगेल. शून्य म्हणजे झीरो पोल्युशन. लिटरला तेहतीस किलोमीटर! सेल्समन तर बावीसच म्हणाला होता. बिचाऱ्याला स्वतःच्या मालाची किंमत ठाऊक नाही.

७ ऑक्टोबर
सकाळी ७ ला २५. दुपारी २ ला ३४. गाडीला जाग यायला वेळ लागतो. माझंही तसंच आहे.

१० ऑक्टोबर
मोठा शोध. गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये पाच तास उन्हात उभी होती. चालू केली तर ३८! उभ्या उभ्या बचत. बहुतेक छताला सोलर आहे आणि कंपनी जाहिरातीत लिहायला विसरली. वॉचमन सावलीतली जागा देत होता, मी नको म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मलाच ऊन लागलंय.

१२ ऑक्टोबर, रविवार
सासूबाईंचा गुडघा बदललाय. दर रविवारी व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागतं. मेहुण्याने त्यासाठी गाडी मागितली. दिली. मी काही कद्रू नाही. फक्त सूचना दिल्या: एसी बंद, काचा बंद, दर शंभर मीटरवर ब्रेक. सासूबाई घामाघूम होऊन उतरल्या. बोलल्या काही नाहीत. फार समजूतदार बाई.

१९ ऑक्टोबर
डिकीतून स्टेपनी, जॅक, छत्री आणि लेकीची बॅडमिंटनची बॅग काढली. गाडी हलकी. लेक जड. म्हणजे रागावून तोंड फुगवलंय.

२७ ऑक्टोबर
तीन आठवडे झाले, पेट्रोलपंपाचं तोंड पाहिलेलं नाही. काटा खाली उतरतो आणि सोमवारी परत वर! ब्रेकची कृपा. आज मी एका सिग्नलच्या आधी अकरा वेळा ब्रेक मारला. मागचा टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून माझ्या वडिलांपर्यंत पोचला. अडाणी माणूस. लेकीला उलटीसारखं झालं, ती चौकात उतरून चालत गेली. तेवढंच वजन कमी.

३ नोव्हेंबर
ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये माझं व्याख्यान झालं, ‘इंधन बचत: एक अनुभव’. महिन्याचा तक्ता भिंतीवर लावला. सकाळी कमी, दुपारी जास्त, संध्याकाळी परत कमी. अकाउंट्समधल्या मॅडम फोन काढून म्हणाल्या, अहो, गेल्या आठवड्यातलं तापमान अगदी हेच होतं! मी म्हटलं, बघा, मी म्हणतच होतो, वातावरणाचा परिणाम होतो. सगळे एकदम गप्प झाले. दोघं तर बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. विषय मनाला भिडला असावा.

८ नोव्हेंबर
काहीतरी बिघडतंय. आज दुपारी फक्त २९. महिन्याभरात पाच गळाले. मी तर काही बदललेलं नाही. बदल दुसऱ्या कोणीतरी केलाय.

९ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ७.३०
विश्वासघात. हा एकच शब्द.

दुपारी १ वाजता गाडी मेहुण्याच्या हवाली केली तेव्हा आकडा ३०. सात वाजता परत आली तेव्हा २३. सात कुठे गेले? बसच्या फिटरला पाइप कुठे घालायचा आणि डबा कुठे धरायचा हे शिकवावं लागत नाही. मी दारातच विचारलं, पेट्रोल काढतोस का रे? सासूबाई अजून पुढच्या सीटवर बसलेल्या, वॉकर मांडीवर. मेहुण्याने स्क्रीनकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. किल्ली चपलांच्या रॅकवर ठेवली, आईला धरून उतरवलं आणि तिला घेऊन बस स्टॉपकडे चालू लागला. वॉकर टेकत टेकत. स्टॉप तसा जवळ नाही.

खरं बोललं की माणसं अशीच निघून जातात. अस्तनीतला निखारा वेळीच दिसला म्हणायचं.

१० नोव्हेंबर
बायको बोलत नाही. म्हणजे बोलते, पण मीठ हवंय का, दूधवाला आला का, एवढंच. रात्री एकदा म्हणाली, तुम्हाला काही कळतं का हो? मी म्हटलं, स्टोअर्समधले सगळे मलाच विचारायला येतात. तिने कूस बदलली.

१६ नोव्हेंबर, रविवार
मेहुणा आला नाही. सासूबाईंना बसनेच नेलं म्हणे. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

२४ नोव्हेंबर
२६. चोर गेला तरी आकडा उतरतोच आहे. म्हणजे चोर एकटा नव्हता. संशयितांच्या यादीत वॉचमन घातला.

काटाही आता सोमवारी वर येत नाही. गाडी नवी आहे, काटा अजून नीट बसलेला नसणार.

११ डिसेंबर, गुरुवार
उद्या लेकीचा इंटरव्ह्यू. शेजारच्या शहरात, ऐंशी किलोमीटरवर, दुपारी ३ वाजता. पहिलीच नोकरी. चार महिने खोलीचं दार लावून अभ्यास केलाय तिने. बसने जाते म्हणाली. मी म्हटलं, बाप असताना बसने? बारा वाजता निघू, ऐन ॲव्हरेजच्या वेळेला.

पेट्रोलचा पिवळा दिवा लागलाय. बायको म्हणाली, आधी पंपावर जा. (दूधवाला सोडून दुसऱ्या विषयावर ती महिन्याभरात पहिल्यांदाच बोलली.) मी तिला हिशेब समजावला: दिवा लागला म्हणजे टाकीत चार लिटर उरलं. आजचा आकडा २४. चोवीस चोक शहाण्णव. ऐंशी जाऊन सोळा शिल्लक. ती लेकीकडे बघत राहिली. लेक माझ्याकडे बघत राहिली. दोघींनाही पाढे कच्चे.

१२ डिसेंबर, दुपारी १.१५. रस्त्याच्या कडेला.
गाडी थांबली. पन्नासाव्या किलोमीटरला. स्क्रीन म्हणते २५. गाडी म्हणते राम राम. फसवलं हिने मला. इतकं जपलं, एसी लावला नाही, उन्हात उभी केली, स्टेपनीसुद्धा उचलायला लावली नाही. आणि ऐन वेळी पाठीत सुरा.

लेक फाइल छातीशी धरून उतरली आणि मामाला फोन लावला. मी ऐकलं: मामा, येशील का रे? एवढंच. कारण सांगितलं नाही, पत्ता सांगितला.

इथे पंक्चरच्या दुकानाशिवाय काही नाही. जागा मिळाली म्हणून लिहितोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
दोन वाजता मेहुणा मोटरसायकलवर आला. ड्यूटीचा युनिफॉर्म, हाताला ग्रीस, मागे कॅन बांधलेला. पेट्रोल ओतलं, मोटरसायकल पंक्चरवाल्याकडे ठेवली. लेक म्हणाली, गाडी मामा चालवेल, बाबा, तुम्ही मागे बसा. मागे बसलो. माझ्याच गाडीत पाहुण्यासारखा.

मेहुण्याने एसी लावला. मी ओरडलो, अरे आकडा पडेल! नाही पडला. २५ चा २५ राहिला. मी म्हटलं, बघ, जागचा हलत नाही! तेव्हा लेक मान न वळवता म्हणाली, बाबा, ते बाहेरचं तापमान आहे. सी म्हणजे सेल्सिअस.

पुढचे तीस किलोमीटर मी मागून त्या छोट्या शून्याकडेच बघत होतो. पावणेतीनला पोचलो. ती धावत आत गेली.

पार्किंगमध्ये मेहुण्याने स्टिअरिंगवरचं एक बटण दोनदा दाबलं. खरं ॲव्हरेज आलं. ११.४. सारखे ब्रेक मारल्यावर असंच होतं, भाऊजी, एवढंच म्हणाला. माझी जुनी गाडी तेरा द्यायची.

१३ डिसेंबर
बायकोने आज सगळं सांगितलं. तो दर रविवारी टाकी फुल करून गाडी परत आणायचा. आईसाठी गाडी वापरतो, तर भरलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आणि सीचं काय? ते तिघांनाही पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, तुम्ही एवढे खूश होतात, लिहीत बसायचात, तोच म्हणाला राहू दे. आणि चोरीचा आळ घेतला तेव्हा? तेव्हाही तोच म्हणाला. ताई, आईसमोर, तुझ्यासमोर भाऊजींना खाली बघायला लावू नको.

म्हणजे माझ्याच घरात तीन माणसांनी मिळून दोन महिने मला फसवलं! संतापाने हे लिहायला बसलो होतो. पण यादीत पहिलं नाव कोणाचं घालायचं ते ठरेना. पान तसंच ठेवलं.

लेकीला नोकरी लागली. संध्याकाळी फोन आला. पेढे द्यायला ती आधी मामाकडे गेली.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी ८
पंपावर जाऊन टाकी फुल केली. आयुष्यात पहिल्यांदा या गाडीची टाकी मी भरली. झाकण कुठल्या बाजूला आहे ते पंपावरच्या मुलीने दाखवलं.

मेहुण्याकडे गेलो. काय बोलायचं ते रस्त्याने पाठ केलं होतं: मी चुकलो, मोठा असून चुकलो, आईंच्या देखत बोललो त्याची लाज वाटते. त्याने दार उघडलं. मी किल्ली पुढे केली. तोंडून निघालं ते असं: आज थंडी आहे, नाही?

त्याने किल्ली घेतली. बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलंही नाही.

हो, भाऊजी, म्हणाला, एकोणीस.

हसला नाही. मग आत वळून त्याने आईला हाक मारली, चल गं, गाडी आलीय.