सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्न

मास्तर, तुम्ही ज्यांना ज्यांना ‘चालेल ना?’ असं विचारलंत आणि ज्यांनी मान डोलावून ‘चालेल’ म्हटलं, त्या आम्हा सगळ्यांच्या वतीने हे लिहितो आहे. शाळेतली मुलं, कुवेतच्या खोलीतले गाववाले, जमातीचे, म्हणजे आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाचे, सभासद, सगळे यात आले. आमची तक्रार एकच आहे. आम्ही दिलेलं उत्तर तुम्ही खरं मानलंत.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझ्या दाढीत काळा केस शोधावा लागतो, आणि तरी परवा मी तुमच्यावर चिडलो. जमातीच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे. दोन्ही बाजूंचे तरुण माझ्याकडे येऊन गेले, वेगवेगळे, आणि दोघांनीही तेच ऐकवलं, ‘चाचा, आम्ही मास्तरांसारखं सगळ्यांना विचारून चालवणार.’ यांच्यापैकी एकानेही तुम्हाला पाहिलेलं नाही. मी म्हटलं, ‘अल्लाच्या वास्ते, तेवढं सोडून काहीही करा.’ ते हसले. म्हाताऱ्याला विनोद सुचला असं त्यांना वाटलं. ते गेल्यावर मी बराच वेळ एकटाच बडबडत होतो, आणि मग वाटलं, हे ज्यांना सांगायचं त्यांनाच लिहून टाकावं.

आठवून बघा. गावच्या शाळेत तुम्ही आम्हाला त्रैराशिक शिकवता आहात. फळा भरला आहे, तुमच्या कोपरापर्यंत खडूची भुकटी. वळून तुम्ही विचारता, ‘कळलं का?’ सगळा वर्ग ओरडतो, ‘हो मास्तर!’ मी एकटा उभा राहतो आणि म्हणतो, नाही कळलं. तुम्ही छडी उचलत नाही, आवाजही चढवत नाही. तुम्ही वर्गाकडे पाहून पुन्हा विचारता, ‘बाकीच्यांना कळलं ना?’ ‘हो मास्तर!’ ‘मग तुला एकट्यालाच कसं कळलं नाही रे?’ त्या दिवशी शाळा सुटल्यावर विहिरीपाशी आम्ही नऊ जण होतो, आणि नऊ जणांपैकी एकालाही त्रैराशिक कळलेलं नव्हतं. छडी परवडली असती, मास्तर. छडी खाऊन माणूस निदान आपल्या मतावर राहतो.

पण त्याच तुम्ही मला शनिवारी घरी बोलावून लाँचने आलेली आठवडाभराची शिळी वर्तमानपत्रं द्यायचात. अग्रलेख मोठ्याने वाचून घ्यायचात. ‘पहिलं वाक्य शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे,’ म्हणायचात. पुढे मी जे काही वाचलं, ज्या ज्या व्यासपीठावर उभं राहून घसा बसेपर्यंत बोललो, त्याची सुरुवात तुमच्या पडवीत झाली. ते मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर तुमच्यावर चिडणं किती सोपं झालं असतं!

मग तुम्ही शाळा सोडून बोटीने कुवेतला आलात आणि अहमदीला तेलकंपनीच्या पाइपांच्या यार्डात एका कंत्राटदाराकडे कामगारांची हजेरी घेऊ लागलात. दोन वर्षांनी मीही आलो. गाववाल्यांची खोली जवळच्या फिंतासला होती. खजुराची बाग ओलांडली की समुद्र, आणि खोलीत आम्ही चटईला चटई लावून झोपणारे. जमातीचे अध्यक्ष अर्थातच तुम्ही. दुसऱ्या गावांच्या खोल्यांवर अध्यक्ष म्हणजे हुकूम असायचा. आपल्याकडे तसं नाही, याचा तुम्हाला अभिमान होता. स्वयंपाकसुद्धा विचारून. ‘आज मसुराची आमटी करू, चालेल ना?’ ‘चालेल मास्तर.’ ही आमटी आम्ही दीड वर्ष, आठवड्यातून चार दिवस खाल्ली. तुम्ही रजेवर गावी गेलात, बोट दिसेनाशी झाली, आणि परत येताना ट्रकमध्ये कुणीतरी म्हणालं, ‘आता ती आमटी बंद.’ सगळा ट्रक हसला. तुम्ही परत येईपर्यंत खोलीत मसूर शिजला नाही. तुम्ही आलात. ‘आमटी करू ना?’ ‘करा की मास्तर!’

इथवर हसण्यासारखं होतं. मग तांडेलचा हात गेला. गावी गलबताचं सुकाणू धरणारा तांडेल होता म्हणून कुवेतमध्येही सगळे त्याला तांडेलच म्हणायचे. यार्डात पाइप घसरला आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं चेंगरली. इस्पितळातून परत आला तेव्हा कंत्राटदाराने तुमच्याकडे निरोप पाठवला की याला पुढच्या बोटीने गावी पाठवा, जमातीचे अध्यक्ष म्हणून तुमची संमती द्या. तुम्ही तो निर्णय एकट्याने घेतला नाहीत. कसे घ्याल? जेवणाच्या वेळी, सगळी ताटं वाढलेली असताना, तुम्ही त्याला विचारलंत, ‘तू गावी जाऊन आराम करावास असं मला वाटतं. चालेल ना तुला?’ तांडेलने ताटातून नजर वर न करता म्हटलं, ‘चालेल मास्तर.’ दुसऱ्या दिवशी तुम्ही संमतीच्या कागदावर सही केलीत.

त्यानंतर दोन दिवसांनी ट्रकमध्ये तो माझ्या कानाशी आला. ‘मना गावी नको पाठवा रे. एका हातान फाटकावर राखण करता येल. सुपरवायझर बोललाय मना, जागा हाय. पन मास्तरांना कोन सांगल?’ मी सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘त्याने मला सगळ्यांसमोर सांगितलंय. तुला कानात सांगितलेलं खरं, की वीस माणसांच्या साक्षीने सांगितलेलं खरं?’ मास्तर, जगातल्या राज्यकारभारावर मी पुष्कळ वाचलंय, पण त्या एका वाक्याला उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. तेव्हा फक्त इतकं कळलं की अध्यक्ष बदलल्याशिवाय तो कागद परत घेता येणार नाही. बोटीला तीन आठवडे होते आणि निवडणूक त्याच्या आतच येत होती. मी तुमच्याविरुद्ध उभा राहिलो.

त्या काळी कैरोच्या रेडिओवर इजिप्तच्या राष्ट्राध्यक्षांचं भाषण लागलं की चहाच्या दुकानात माणसं गप्प होत, हातातला चहा गार होई. मला वाटे, नेता तो असा, बोलतो आणि ठरवतो. मी तसाच बोललो. शुक्रवार, नमाजनंतर, फिंतासच्या किनाऱ्यावर, चुलीवर भाताचं पातेलं. मी म्हणालो, ज्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येत नाही तो प्रश्न नसतो, तो शिक्का असतो. म्हणालो, मास्तर सगळ्यांना विचारतात आणि त्यांना कुणाचंच ऐकू येत नाही, कारण ते समोर बसून विचारतात आणि समोर बसलेल्या मास्तरांना आम्ही जन्मात नाही म्हटलेलं नाही. पहिलं वाक्य शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात!

आणि मग मतदान तुम्हीच घेतलंत, कारण घ्यायला दुसरं कुणी उठेना. ‘मी राहिलो तर कुणाकुणाला चालेल?’ सगळे हात वर. ‘हा आला तर?’ पुन्हा सगळे हात वर. तुम्हाला हसू आलं. सगळ्यांना आलं. तुमच्यासमोर हात खाली ठेवणं उद्धटपणा, आणि माझ्यासमोर ठेवला तर मला वाईट वाटेल, म्हणून आपल्या माणसांनी दोघांनाही निवडून दिलं! मी ओरडलो, ‘हे मतदान नाही. खजूर खाऊन झालेत, बिया आहेत, खडे आहेत. मास्तरांना बी, मला खडा, कापड झाकलेल्या डब्यात टाका, कुणी बघणार नाही.’ तुम्ही म्हणालात, ‘एका ताटात जेवणारी माणसं. यांना लपून कशाला विचारायचं?’ आणि मग, मास्तर, तुम्ही तांडेलकडे वळलात. ‘तुझ्यावर माझ्याकडून अन्याय झाला का रे? मोकळेपणी सांग.’ तो उठून उभा राहिला. ‘नाय मास्तर. बरा चाललाय सगळा.’

बोटीच्या दिवशी धक्क्यावर मी त्याला जवळजवळ धरून हलवलं. तो म्हणाला, ‘काय भाषान केलंस रे! मी इसारलोच की ता माझ्याबद्दल हाय.’ मी विचारलं, ‘मग दोन्ही वेळा हात वर का केलास?’ ‘दोन्ही वेला एकच केला. दुसरा कुठं उचलतोय?’ असं म्हणून तो स्वतःच हसला, आणि मग म्हणाला, ‘मास्तर इचारत होते ना. त्यांना नाय कसा म्हनायचा?’ गावी त्याला सुकाणू धरता आलं नाही. डाव्या हाताने जाळी विणत किनाऱ्यावर बसायचा. प्रत्येक रजेत तुम्ही त्याच्या घरी जायचात, खजूर घेऊन. ‘बरं चाललंय ना?’ ‘बरा चाललाय मास्तर.’ तुम्ही समाधानाने परत यायचात. त्याच्या दारातून समाधानाने परत येणारे तुम्ही एकटेच होतात.

माझं मत तुमच्याबद्दल तेव्हा होतं तेच आज आहे. तुम्ही लबाड नव्हता, हुकूमशहा नव्हता, आळशी नव्हता. तुम्ही माणसं जमवून विचारायचात आणि जमलेल्या माणसांचा आवाज हाच प्रत्येकाचा आवाज समजायचात. हुकूम करणाऱ्या अध्यक्षाविरुद्ध माणूस निदान चिडू शकतो. तुम्ही विचारल्यावर चिडायचीही सोय राहायची नाही, कारण आम्हीच तर ‘चालेल’ म्हटलेलं असायचं.

हे या तरुणांना सांगितलं पाहिजे, आणि सांगताना माझी जीभ अडते. कारण त्या शुक्रवारची गोष्ट मी आजवर शेकडो वेळा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी तिच्या शेवटी मी भाताच्या पातेल्यापासून उठतो आणि सभा सोडून चालू लागतो. लोकांना तो शेवट आवडतो. तसं झालं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. तांडेल खाली बसला, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘बाळा, भाषण उत्तम झालं. तर आणखी एक वर्ष मीच सांभाळतो. चालेल ना?’ सगळे माझ्याकडे बघत होते. तांडेलही. आणि मी म्हणालो, ‘चालेल, मास्तर.’

हे पत्र कुणाच्या हाती पडू देणार नाही. तुमच्या मुलीचा पत्ता आहे माझ्याकडे, पण तिलाही नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे, आणि ते शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणतो. मास्तर, एकदा या, आणि बाकी कुणी नसताना, मला एकट्याला विचारा.