वदहाची लेक

वादी रम, १४ ऑक्टोबर

प्रिय अबू मिशाल दादा,

सलाम. तुझी कंबर कशी आहे? कुवेतमध्ये दिवसभर ट्रक चालवून ती बरी होणार नाही, हे मी वेगळं सांगायला नको. इकडे सगळे ठीक आहेत. तुझ्या आईचे, काकूंचे, गुडघे आखडले आहेत. जीभ मात्र अजून दौडते. घोड्यावरून वाळवंट पाहायला येणारे पाहुणेही पुन्हा येऊ लागले आहेत.

आता लिहितोय ते सांगायला तीनदा तुला फोन लावला. तू विनोद केलास, मी हसलो, राहून गेलं.

मंगळवारी एक जर्मन सासू आणि तिची सून आली. माझी पद्धत तुला माहीत आहे. कुणाला किती येतं ते मी विचारतो, पण विश्वास ठेवतो तो घोड्याजवळ जाणाऱ्या पावलांवर. सासूबाई न बिचकता, जाणत्यासारख्या घोड्याच्या खांद्याकडून गेल्या, मी तेज घोडा दिला. पहिल्याच चढाला त्यांनी मला थांबवलं. "मी खोटं बोलले," म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच बसतेय. सुनेसमोर लाज वाटली."

मी त्यांना उतरवून रीम नावाच्या गरीब घोडीवर बसवलं. भरलेली घागर न्यावी तशी रीमनं त्यांना तीन तास वाळूतून नेलं. परतल्यावर तिची मान थोपटत त्यांनी विचारलं, ही घोडी कुणाची? मला "माझी" म्हणता आलं नाही.

दादा, रीम वदहाची लेक आहे.

तुझी घोडी वदहा तू मला दिलीस तेव्हा रिवाजाप्रमाणे तिची पहिली लेक तुझी ठरली होती. सहा वर्षांपूर्वी ती व्यायली आणि मी तुला कळवलं, नर झाला. त्या हिवाळ्यात माझे दोन गरीब घोडे पोटदुखीनं गेले होते, पुढे नवख्यांना बसवायला काही उरलं नव्हतं. कारण खरं आहे. पण डायरीत ते इतक्या वेळा लिहिलं की मलाच संशय येऊ लागला. मला ती हवी होती, एवढंच.

पुढे तू त्या शिंगराची चौकशी करत राहिलास, तेव्हा मी ते मआनच्या बाजारात विकल्याचं सांगितलं. माझी बायको हुस्सा म्हणाली, "नसलेला घोडा विकणारा तू पहिलाच."

वसंतात वदहा गेली. तू फोनवर माझंच सांत्वन केलंस: "तिला लेक झाली नाही, वंश संपला, नशीब." मी तेही सांत्वन घेतलं.

काल रीमला काकूंच्या अंगणात बांधून आलो. सगळं सांगायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "ही रोज माझ्या दारावरून पाण्याला जाते. मी काय आंधळी आहे? मीच सगळ्यांना गप्प केलं होतं. म्हटलं, नायफला सांगू दे." मग मला चहा दिला आणि तिला खजूर.

तुलाही माहीत होतं का, ते विचारत नाही. एक भीती आहे. तू मोठ्या मनानं "ठेव तूच" म्हणशील, आणि त्याच आशेवर मी हे लिहीत नाही ना, याची खात्री मलाही देता येत नाही. म्हणून लगेच उत्तर देऊ नकोस. सुट्टीत ये. आधी तिच्यावर बस. तिला डावीकडून लगाम घातलेला आवडतो, आणि वाऱ्यात ती थोडी थबकते. ओढू नकोस, थांब.

सहा वर्षं तुझी घोडी आपली म्हणवणारा,
नायफ