पावडरीतले ठसे

४ मार्च

गोल्फच्या दुकानात आजपासून नव्या आयर्नची, म्हणजे लोखंडी तोंडाच्या क्लबांची, तपासणी. मामा म्हणाला, "कॉलेज सोडलंस, आता हे तरी अर्धवट सोडू नकोस." सकाळी सकाळी टोमणा! गिळला. सरांशी भांडून कॉलेज गेलं, मामाशी भांडून जाणार कुठे?

ती आली होती, आमच्याकडे सरावाला येणारी. पंधरा तारखेला संघाची निवड. जुने आयर्न हाताला बसत नाहीत म्हणे. नव्या दोन संचांपैकी कुठला घ्यायचा ते मी तपासून सांगायचं. "परीक्षक, मन लावून बघ हं," म्हणाली. मला मन लावायला सांगतेय.

५ मार्च

दिवसभर सरावाच्या जाळीत चेंडू मारले. क्लबच्या तोंडावर पावडरचा फवारा, फटका, चेंडूचा ठसा बघायचा, पडद्यावर अंतर बघायचं. दोन्ही संच झकास — मामाला छाती फुगवून सांगितलं. तो म्हणाला, "गाढवा, तू प्रत्येक चेंडू मधोमध मारतोयस. मधोमध लागला तर कुठलाही क्लब गुणीच. फटका चुकला की तो किती सांभाळून घेतो, ते बघायचंय."

म्हणजे दिवस पाण्यात. उद्यापासून मुद्दाम चुकायचं.

६ मार्च

मुद्दाम चुकणं भलतंच अवघड. टोकाला लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या. पातळ बुडाचा संच खडूस — जरा इकडेतिकडे झालं की चेंडू अर्ध्यात मान टाकतो. रुंद बुडाचा समजूतदार, चुकलं तरी बऱ्यापैकी पोचवतो. मामा खूश.

ती आली नाही. अर्धं लक्ष दाराकडे.

८ मार्च

आली. रुंद बुडाचा हातात दिला. ठसे बघितले. एकही मधे नाही, सगळे क्लबच्या टाचेकडे, दांडीजवळ सरकलेले. पूर्वी हिचे ठसे एकावर एक पडायचे, पावडरीत एकच भोक दिसायचं.

"आयर्नच वाईट आहे," म्हणाली. मी म्हटलं, "हो, तेच." लाळघोट्या मी! मग बाकावर बसून चहा. कप तिने डाव्या हाताने धरला होता. निघायची घाई अजिबात नव्हती तिला.

९ मार्च

आज तिला तिच्याच जुन्या आयर्नने मारायला लावलं. तेच ठसे. लोखंडाचा दोष नाही. मनगटात काहीतरी बिनसलंय.

सांगू? निवड तोंडावर आलीय. न सांगू? सगळ्यांसमोर हसं होईल तिचं.

१० मार्च

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "आज कुणाशी भांडलास?" अजून नाही, म्हटलं.

११ मार्च

सांगितलं. सांगितलं कसलं, ओरडलो.

ती म्हणाली, "अजून एक संच मागव ना, तोही बघू." झालं, डोकं फिरलं. "दहा मागव! हात कामातून गेलाय तुझा, लोखंडाला कशाला बोल लावतेस? निवडीला जाऊन शोभा करून घ्यायचीय?" शेजारच्या जाळीतले लोक मारायचे थांबले.

तिने हातमोजा काढला. बोट बोट सरळ करून खिशात ठेवला. "एवढंच दिसलं तुला," म्हणाली आणि गेली.

तिच्या भल्यासाठीच बोललो. मग तोंड कडू का झालंय?

१२ मार्च

नाही आली.

१३ मार्च

फोन उचलत नाही. मामाच्या गिऱ्हाइकावर खेकसलो. मामाने मला मागे चेंडू धुवायला बसवलं.

१५ मार्च

निवडीच्या मैदानावर गेलो, कुंपणाला चिकटून उभा राहिलो. सगळ्या खेळल्या. ती नव्हती. माझ्यामुळे. माझ्या जिभेमुळे तिची निवड गेली.

१६ मार्च

मामाला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मनगट तिचं जानेवारीतच गेलंय रे. निवडीतून नावही तेव्हाच काढून घेतलं. तुला कळू देऊ नका म्हणाली होती."

मग आयर्न तपासायला कशाला यायची, मी विचारलं.

"गाढवा," मामा म्हणाला. मग माझ्या हातातली चेंडूंची टोपली काढून घेतली. "आज घरी जा," म्हणाला.