सोडलेला भात

१४ जानेवारी

अनघाने आज वाटीभर शिरा संपवला! तुपात थबथबलेला केला होता, वर बदाम. "ठेव इथं आई, खाते हळूहळू," म्हणाली. थोड्या वेळाने बघते तर वाटी रिकामी.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी औषधं थांबवून घरी पाठवलंय. अंगात बळ आलं की पुन्हा सुरू करतील, असं मी धरून चाललेय. देवीला बोललेय: अनघा पोटभर भात जेवेल, त्या दिवशीच मी भात खाईन. तोवर भाकरी. इथे परदेशातही निशिकासाईच्या भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं. कुणाला सांगितलेलं नाही.

१८ जानेवारी

वाट्या रोज रिकाम्या. वजन तरी उतरतंच आहे. तिची बांगडी कोपरापर्यंत सरकते. काढ म्हटलं तर ऐकत नाही.

२० जानेवारी

इथे कचरा निवडून टाकावा लागतो. जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत प्लास्टिक गेलं होतं, म्हणून हात घातला. टिश्यूच्या पुड्या लागल्या. एकीत शिरा. एकीत लाडू. एकीत वरणभात, नीट घडी घालून, जणू डबाच बांधलाय!

माझी लेक माझ्यापासून लपवून अन्न टाकते.

पिशवी घेऊन बाल्कनीत बसले. थंडी मरणाची. राग आला होता. तिचा नव्हे. कुणाचा, ते कळेना.

२१ जानेवारी

घरी येणारी जपानी नर्स, मोरिता-सान, तिला विचारलं. जावई सुशीलराव भाषांतर करत होते. "खात नाही म्हणूनच खंगतेय ना?"

बाई माझ्यासमोर गुडघे मोडून खाली बसली. म्हणाली, आजारच तिचं अंग खातोय. पोटात घातलेलं आता अंगी लागत नाही. बळेच भरवलं तर उलट्या, त्रास, एवढंच.

"मग मी काय करू?"

"ओठ ओले करा. मागेल तेवढंच द्या. जवळ बसा." शेवटचं सांगताना सुशीलराव खिडकीकडे बघत होते.

मी सातवी शिकलेली. पुढे हाती पडेल ते वाचत आले, पुडीचा कागदसुद्धा सोडला नाही. हे कुठेच नव्हतं. आमच्याकडे माणूस खाईना की आग्रह करायचा, एवढंच ठाऊक. आमचे हे तर जेवून उठले आणि हात धुता धुता गेले.

२ फेब्रुवारी

आग्रह बंद केला. हातांना काय करावं सुचत नाही.

५ फेब्रुवारी

"रागावलीस का गं? हल्ली खा-खा करत नाहीस."

"पुड्या सापडल्या."

हसली. हसताना धाप लागली. "वाटी रिकामी दिसली की भांडी घासताना गुणगुणायचीस तू. ते ऐकायला बरं वाटायचं."

बांगडीला लोकर गुंडाळून दिली. आता सरकत नाही.

१९ फेब्रुवारी

मोरिता-सान आज माझ्याकडेच बघत राहिली. आईपण वाळल्यात, म्हणाली. सुशीलराव बोलून गेले, "आई भात घेतच नाहीत. कधीचं बघतोय."

अनघाने डोळे उघडले. "काय बोललीस देवीला?"

मी तिचं पांघरूण नीट करायला लागले.

"मी पोटभर जेवेन तेव्हा, असंच ना? सोड ते, आई."

"नाही."

"मग मी गेल्यावर काय जन्मभर भाकऱ्या थापणारेस?"

इतकं सरळ! सुशीलराव उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, भांडं एकही नव्हतं घासायला.

मी भात खाल्ला तर, ती बरी होणार नाही हे कबूल केल्यासारखं होईल. नाही खाणार. सांगू दे कुणीही.

२५ फेब्रुवारी

आता पाणीही नको म्हणते. ओल्या कापसाने ओठ पुसते.

२६ फेब्रुवारी

सकाळी म्हणाली, "आई, मऊ भात कर. मेतकूट घालून." खाणार! धावत केला. तिने वाटी मांडीवर ठेवायला लावली. चमचा उचलला, तो माझ्याकडे वळवला. हात पोचेना. मनगट मी धरलं.

"आ कर. देवीला सांग, नेम अनघाने मोडला."

मी तोंड उघडलं.