कीगन गेला ते बरं की वाईट

भरे, ता. मुळशी
१५ मे १९७८

ती. सोमनाथमामांस,
चंद्रकलाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र आणि गोदीतल्या खलाशांकडून मिळवलेली इंग्रजी वर्तमानपत्रं पोचली. आईचे पाय सुजतात, बाकी सगळे बरे. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले. मी दिवसभर रानात असते आणि संध्याकाळी विहारात. आठ बाया अक्षरं गिरवायला येतात. त्यातल्या दोघी पाटीवर डोकं टेकून झोपतात. त्यांना उठवायचा मला धीर होत नाही.

आबांचा मोतीबिंदू वाढलाय, म्हणून नेहमीसारखं ते सांगतात आणि मी लिहिते. बुधवारी लिव्हरपूलनं फुटबॉलचा युरोपचा कप जिंकला. मी रेडिओवर लंडनच्या इंग्रजी बातम्या ऐकल्या आणि आबांना मराठीत सांगितल्या. एकच गोल झाला, तो डाल्ग्लिशचा. गेल्या वर्षी लिव्हरपूलनं कीगनला जर्मनीच्या हांबुर्ग संघाला विकून त्याच्या जागी आणला, त्याचा. आबा म्हणतात, पलटणीच्या टीममध्ये मी बारा वर्षं लेफ्ट बॅक होतो, माणूस जागा सोडून गेला की मागच्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. पण सोमनाथराव, आता मला तुमचं पटतं. कीगन गेला ते बरंच झालं. तो चार गोष्टी शिकेल आणि मागचेही तरतील.

मुंबईच्या कॉलेजात बी.एड.चा अर्ज २० तारखेपर्यंत भरायचा आहे. आबा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. विषय काढला की कीगनवर येतात.

मामींना जयभीम. माया आहे तशी राहू द्या.
तुमची, चंद्रकला


शिवडी, मुंबई
३० मे १९७८

चि. चंद्रकला हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलं आणि मामीला ओरडून सांगितलं की दाजींनी हार मानली! वर्षभर त्यांचा एकच धोशा. कीगन गेला म्हणून इंग्लंडची यंदाची लीग फॉरेस्ट संघानं नेली, तिकडं त्याला म्हणे कुणी चेंडू देत नाही, फॉर्म गेला, घरचा माणूस घरीच शोभतो. आणि माझं प्रत्येक पत्रात एकच, जाऊ द्या त्याला. अगं, आम्ही दोघं कुणावरून भांडत होतो ते तुलाही ठाऊक आहे. आक्काच्या लग्नापासून दाजी माझ्याशी घरातलं काही सरळ बोललेले नाहीत. बोलतात ते फुटबॉलवर. ‘गेला ते बरंच झालं’ म्हणजे पोरीला पाठवतो, एवढं मला समजतं.

म्हणून थांबलो नाही. तुझ्या गुणपत्रिकेची नक्कल माझ्याकडे होती, अर्ज भरला. काल यादीत नाव लागलं. १९ जूनला कॉलेज सुरू होतं. मामीनं ट्रंक हलवून तुझ्या गादीला जागा केलीय. झोपेत पाय पसरलेस तर माझ्या टकलाला लागतील, तेवढं सांभाळ.

दाजींना म्हणावं, वर्ष लागलं, पण शहाणे झालात. सगळ्यांना जयभीम.
तुझा मामा, सोमनाथ


भरे
५ जून १९७८

ती. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

नाव काढून टाका.

आबांनी तसं सांगितलंच नव्हतं. त्या दिवशीही ते जुनंच सांगत होते, कीगन गेला ते चूक. तेच वाक्य वर्षभर लिहून हात दुखला होता, मनही. पेन थांबलं आणि मी उलटं लिहिलं. नंतर ते म्हणाले, वाचून दाखव. मी त्यांचं वाक्य वाचून दाखवलं, जे कागदावर नव्हतंच.

मामा, विहारातल्या बायांना मी रोज सांगते की वाचायला शिका, म्हणजे कागदावर कुणी तुम्हाला फसवणार नाही. आणि घरातली पहिली पदवीधर मी, माझ्याच बापाला फसवलं. तुम्ही त्यातून हो काढाल हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही.

काल आबांना सगळं सांगितलं. ते उठून बांधावर जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, भूक न्हाई.

मामींच्या कष्टांबद्दल क्षमा असावी. मला माफ केलंत तरच पत्र लिहा.
चंद्रकला


भरे
१० जून १९७८

सोमनाथरावांस जयवंतचा जयभीम.

हे अक्षर माजं हाय. मोटं काडलंय, दिसत न्हाई म्हनून. पोरीला दावलं न्हाई.

नाव काडू नका. कीगन गेला ते चूकच, मी मागं हटलो न्हाई. लीग गेली का न्हाई? पन पोरीचं मी कीगनच्या आडून बोललो, ते बी बरं न्हवं. तिनं खोटं लिवलं, मी खरं कदी बोललोच न्हाई.

तुमच्या आक्काच्या पायाला मी तेल लावीन. रानाचं शेजारचा भिवाजी बगंल. रविवारी १८ ला पोरीला पुन्याहून गाडीत बसवतो. तुमी टेसनावर या, तिला मुंबईचं काय ठाव न्हाई.

ऑगस्टात खेळ सुरू हुतील. मी रेडिओ लावीन, पन इंग्रजी कळायचं न्हाई. तिला दर आठवड्याला लिवायला सांगा, कोन जितलं, कोन हारलं. हितं पत्र कुनीबी वाचून दावंल. फकस्त जे झालं तेच लिव म्हनावं. माज्या मनाजोगतं काय लिवू नको.

जयवंत