रिकामी टाकी

बोईसर, ता. ३ सप्टेंबर १९६७

ती. सौ. नर्मदाताईस पुंडलिकचा शि. सा. न. वि. वि.

ताई, तुझ्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या मॅनेजरसाहेबांनी, काल मला गोदामात पोती मोजायला बसवलं. गुन्हा काय? रंग शिजवायच्या चार टाक्यांपैकी एक मी रिकामी ठेवायचो. इथे वीज केव्हाही जाते. टाकीत अडलेला रंगाचा घाणा उपसून टाकायला जागा नको? भावोजी सगळ्या कामगारांदेखत म्हणाले, पुंडलिकराव तिच्यात झोपतात!

आता चारही टाक्या ठासून भरणार. काळ्यामागून लगेच पिवळा, मधे टाकी धुवायलाही सवड नाही. दिवाळीच्या मागणीचा पिवळा नासला तर त्यांची नोकरी गेलीच समज. पुन्हा एकदा सांगून बघू का? मन म्हणतं, भोगू दे. पण संसार तुझा आहे.

लोभाचा धनी,
पुंडलिक

पालघर, ता. ६ सप्टेंबर

चि. पुंडलिकास अ. उ. आ.

खबरदार तोंड उघडशील तर! आई जिंतूरला अंथरुणाला खिळली, तेव्हा मला पाठवा म्हणून मी यांच्या पाया पडले होते. महिना आखलेला आहे, मधे जागा नाही, म्हणाले. मी पोचले ती थेट तिच्या तेराव्याला. अजून पोटात आग आहे रे. जाऊ दे नोकरी, मी पापड लाटीन. पण यांचं आखलेलं एकदा मोडलेलं मला बघायचंय.

डबा वेळेवर खात जा. माया आहेच.
ताई

बोईसर, ता. २१ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मोडलं! मंगळवारी वीज गेली, काळा घाणा टाकीत थिजून दगड झाला. उपसायला जागा कुठे? गोमा नि सुका हे दोघे कामगार छिन्नीनं खरवडत बसले. मागून घातलेला पिवळा शेणासारखा निघाला. मालकांनी भावोजींना त्याच कामगारांदेखत झाडलं आणि काढलं. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं.

टाक्यांची आखणी परत माझ्याकडे आली आहे. काल भावोजी खोलीवर आले, काहीही काम दे म्हणाले. ताईला विचारतो, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. आता तूच सांग.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
पुंडलिक

पालघर, ता. २४ सप्टेंबर

चि. पुंडलिकास अ. उ. आ.

दे काम. टाक्या खरवडायचं दे.

काल जेवताना आपणहून म्हणाले, तुला तेव्हा पाठवायला हवं होतं. मी भाकरी वाढली आणि म्हटलं, हे आईला सांगा. ताटावरून उठले.

उद्या मी जिंतूरला थोरल्या दादाकडे निघते आहे. परत केव्हा येणार, तीनदा विचारलं त्यांनी. सांगितलं नाही. तुलाही सांगत नाही, तुझं मन मऊ आहे.

राग निवला की लोभ आहेच,
तुझी ताई